भार वाहणारा कोण? पुद्गलवादी आणि अनात्मवादातली जुनी भांडणं

त्रिरश्मी

श्रावस्तीचा पूर्वाराम, पौर्णिमेची रात्र. एक भिक्खू बुद्धाला स्कंधांविषयी, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या पाच गटांविषयी, एकामागून एक प्रश्न विचारतोय आणि त्याचं समाधान होतंय. तेवढ्यात तिथेच बसलेल्या दुसऱ्या एका भिक्खूच्या मनात येतं: रूप आत्मा नाही, वेदना नाही, संज्ञा नाही, संस्कार नाहीत, विज्ञान म्हणजे जाणीवही नाही. मग अनात्म्याने केलेली कर्मं कुठल्या आत्म्याला लागणार?

मज्झिमनिकायातल्या महापुण्णम सुत्तातला हा प्रसंग. बुद्ध त्याच्या मनातलं ओळखतो, असा विचार करणाऱ्याला 'मोघपुरुष' (फुकट गेलेला माणूस) म्हणतो आणि सगळ्यांना पुन्हा तीच उजळणी करायला लावतो: रूप नित्य की अनित्य? अनित्य ते सुख की दुःख? जे अनित्य, दुःख, बदलणारं, त्याला 'हे माझं, हा मी' म्हणणं योग्य आहे का? सुत्ताच्या शेवटी साठ भिक्खू मुक्त होतात. शंका काढणारा त्यांच्यात होता की नाही, ते सुत्त सांगत नाही.

मला तो भिक्खू मूर्ख वाटत नाही. त्याची शंका पुढची सात-आठशे वर्षं भल्याभल्या आचार्यांना पुरली. अभिधम्म, सर्वास्तिवाद, सौत्रांतिक, शून्यवाद अशी नावं पाठ करत आपण बौद्ध तत्त्वज्ञानाचा विकास शिकतो. त्यातला बराचसा भाग म्हणजे या एका शंकेला दिलेली निरनिराळी उत्तरं आहेत, असं मला दिसतं. त्यातलं सगळ्यांत बदनाम उत्तर पुद्गलवाद्यांचं, म्हणजे 'पुद्गल' (व्यक्ती) खरोखर असतो म्हणणाऱ्यांचं. ते आपण फार घाईने निकालात काढतो, म्हणून हा धागा.

पुद्गलवाद्यांचा सगळ्यांत लाडका आधार म्हणजे संयुत्तनिकायातलं भारसुत्त (संस्कृत परंपरेत भारहारसूत्र). भार कोणता? पाच उपादानस्कंध, म्हणजे आसक्तीने धरलेले स्कंध. भार उचलणं म्हणजे तृष्णा. भार खाली ठेवणं म्हणजे तृष्णेचा पूर्ण निरोध. आणि भार वाहणारा? बुद्ध म्हणतो, पुद्गल. अमुक नावाचा, अमुक गोत्राचा हा आयुष्मान. आता स्कंध हाच भार असेल, तर वाहणारा स्कंधांहून काहीतरी निराळा हवा, नाहीतर भारच भाराला वाहतोय असं होईल. वात्सीपुत्रीय म्हणवणाऱ्या आचार्यांनी हे वचन उचललं आणि सोडलं नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुद्गल आहे. तो स्कंधांहून वेगळा नाही आणि स्कंध म्हणजेच पुद्गल असंही नाही. अग्नी आणि इंधन घ्या. इंधनावाचून अग्नी नाही, पण अग्नी म्हणजे इंधन नव्हे. तसा पुद्गल स्कंधांच्या आधाराने असतो. त्याला नित्य म्हणता येत नाही, अनित्य म्हणता येत नाही. भूत, भविष्य, वर्तमान आणि असंस्कृत (कारणांनी न घडलेलं) या चार वर्गांत तो बसत नाही, म्हणून ज्ञेय वस्तूंचा पाचवा वर्ग: अवक्तव्य. आत्मवाद्यांचा कूटस्थ (कधीच न बदलणारा) आत्मा त्यांनाही नकोच होता. त्यांची चिंता एवढीच की बंध, मोक्ष, कर्म, करुणा हे सगळं कोणाचं ते सांगायला कोणीतरी शिल्लक राहिलं पाहिजे.

यावर बाकीचे तुटून पडले. सिंहली परंपरा सांगते की अशोकाच्या काळात पाटलिपुत्राच्या संगीतीत (संघाच्या धर्मसभेत) मोग्गलिपुत्त तिस्साने कथावत्थु सांगितलं. दोनशेहून अधिक वादविषयांच्या या ग्रंथात पहिला आणि सगळ्यांत लांबलेला वाद पुद्गलाचाच आहे.

'पुद्गल सत्यार्थाने, परमार्थाने आढळतो का?'
'हो.'
'रूप वगैरे जसे परमार्थाने आढळतात, तसा आढळतो का?'
'असं म्हणता येणार नाही.'
'मग निग्रह (हार) मान्य कर.'

हे पानंच्या पानं चालतं. गंमत म्हणजे उलट फेरीत पुद्गलवाद्यालाही हाच सापळा समोरच्याला लावायची संधी मिळते. घरच्या भांडणात एवढी शिस्त पाळणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो.

आता आपल्याकडचा दुवा. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाचं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात भिक्षुसंघाला दिलं. कोणत्या संघाला? कोरीव लेख सांगतो, भदावनीय म्हणजे भद्रायणीय. कान्हेरीच्या चैत्यगृहातल्या लेखातही हेच नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने (ग्रंथ पाठ म्हणणाऱ्याने) दिला, तो धम्मोत्तरीय. भद्रायणीय आणि धर्मोत्तरीय या दोन्ही जुन्या याद्यांप्रमाणे वात्सीपुत्रीयांच्या शाखा. म्हणजे सातवाहनांच्या काळात सह्याद्रीच्या लेण्यांत राहणाऱ्यांपैकी बरेच जण त्या 'हरलेल्या' बाजूचे होते.

प्रश्न असा: त्यांचं म्हणणं खरंच इतकं चुकीचं होतं का?

कुंपणावरचा

वाचतोय. आधी एक बाळबोध प्रश्न. 'आत्मा नाही' असं बुद्ध स्वतः कुठे म्हणाला आहे का? की 'हा आत्मा नव्हे, तोही नव्हे' एवढंच? दोन्हींत फरक आहे ना? अमुक डब्यात लाडू नाही म्हणणं वेगळं आणि लाडू ही चीजच जगात नाही म्हणणं वेगळं.

भाणक

कुंपणावरचा, बाळबोध अजिबात नाही. यावरून आजही अभ्यासकांत तट आहेत.

इसिपतनातलं अनत्तलक्खण सुत्त नीट पाहिलं तर तुमच्या पहिल्या डब्याची भाषा आहे. रूप आत्मा असतं तर त्याने आजार दिला नसता, 'माझं रूप असं होवो, असं न होवो' म्हणता आलं असतं. पाचही स्कंधांना हेच लावलंय. दुसऱ्या टोकाला वच्छगोत्ताची गोष्ट आहे. तो परिव्राजक येऊन सरळ विचारतो, 'आत्मा आहे का?' बुद्ध गप्प. 'मग नाही का?' तरी गप्प. तो निघून गेल्यावर आनंद कारण विचारतो. आहे म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांच्या बाजूला गेलो असतो, नाही म्हटलं असतं तर मरणाबरोबर सगळं संपतं म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांच्या. शिवाय आधीच गोंधळलेला वच्छगोत्त 'पूर्वी मला आत्मा होता, तो आता गेला' म्हणून आणखी गोंधळला असता.

पण म्हणून बुद्धाने मागच्या दाराने आत्मा ठेवला असंही कोणी समजू नये. साती नावाच्या केवटपुत्र भिक्खूने 'तेच विज्ञान या जन्मातून त्या जन्मात धावत जातं' असं मत धरलं, तेव्हा त्याची भर संघात कानउघाडणी झाली. विज्ञान प्रत्ययांनी उपजतं, डोळा आणि रूप यांमुळे चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांमुळे श्रोत्रविज्ञान, असं त्याला समजावलं. महातण्हासंखय सुत्तात हे सविस्तर आहे.

माझं मत विचाराल तर निकायांमध्ये (बुद्धवचनांच्या पाली संग्रहांमध्ये) अनात्म हे आधी वापरायचं साधन आहे. त्याचा 'वाद' पुढे झाला, जेव्हा बाहेरच्यांना आणि घरातल्यांना उत्तरं देणं भाग पडलं. सुत्तनिपातातला अट्ठकवग्ग वाचा. तिथे तर मतं धरून भांडणाऱ्यांचीच हजेरी घेतली आहे. त्याच ग्रंथाच्या पारायणवग्गात मोघराजाला सांगितलेली गाथा आहे: सदा स्मृतिमान राहून जगाकडे शून्य म्हणून पाहा, आत्मदृष्टी उपटून टाक, मग मृत्युराजा तुला पाहणार नाही. इथे 'शून्य' येतं ते नजर म्हणून. तर्काने सिद्ध करायच्या सिद्धांताची भाषा तिथे नाही.

(अवांतर: पारायणवग्गाच्या प्रास्ताविक गाथांत बावरी ब्राह्मण गोदावरीकाठी राहतो आणि त्याचे सोळा शिष्य पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा असे उत्तरेला जातात. मोघराज त्यांच्यातलाच. ही प्रस्तावना मूळ प्रश्नोत्तरांपेक्षा नंतरची मानतात, पण ती जोडणाऱ्याला दक्षिणापथाचा रस्ता चांगला ठाऊक होता.)

वैदर्भी

त्रिरश्मी, लेख आवडला, पण एक गोष्ट तुम्ही गृहीत धरून पुढे गेलात. त्या भिक्खूची शंका अडचणीची केव्हा होते? कर्माचं फळ दुसऱ्या जन्मात जातं असं मानलं तरच. ते गृहीतक काढा, मग वाहणारा शोधायची गरज किती उरते?

आमच्या घरांत हा प्रश्न पोथीतला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार कोडी मांडली आहेत. त्यातलं तिसरं हेच: आत्मा नाकारायचा आणि कर्म-पुनर्जन्म ठेवायचा, हे जुळतं कसं? पुढे ग्रंथात त्यांनी प्रश्नच फोडून दोन केले, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं विश्वातल्या द्रव्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, म्हणून पहिल्याचं उत्तर होकारार्थी. त्याच माणसाचा, त्याच आत्म्याचा पुनर्जन्म मात्र नाही. आणि मागच्या जन्माच्या कर्माने या जन्माची स्थिती ठरते, ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. गरिबी आणि अस्पृश्यता ज्यांच्या पदरी 'पूर्वकर्म' म्हणून बांधली गेली, त्यांच्यासाठी हा मुद्दा जगण्यामरण्याचा होता.

तुमचे पुद्गलवादी मला म्हणूनच थोडे संशयास्पद वाटतात. जुन्या पापाचा हिशेब ज्याच्या नावावर मांडता येईल असा खातेदार त्यांना हवा होता.

तर्कट

वैदर्भी, मुद्दा दमदार आहे. पण पुनर्जन्म बाजूला ठेवला तरी प्रश्न सुटत नाही. एकाच जन्मातली स्मृती घ्या. लहानपणी पाहिलेला आंबा मला आज आठवतो. पाहणारं चित्त केव्हाच निरुद्ध झालं. मग आठवतंय कोणाला? न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हा युक्तिवाद आहे: जे डोळ्यांनी पाहिलं तेच मी हाताने धरतोय असं आपण ओळखतो, म्हणजे दोन इंद्रियांच्या पलीकडे त्यांना जोडणारा एक ज्ञाता हवा.

आणि धमाल अशी की न्यायदर्शनाच्या उद्योतकराने न्यायवार्त्तिकात बौद्धांना गप्प करायला याच भारहारसूत्राचा दाखला दिला आहे. आत्मा नाही म्हणता तर तुमच्याच सूत्राशी विरोध येतो, असा त्याचा टोला. म्हणजे पुद्गलवाद्यांनी घरात काढलेलं हत्यार नैयायिकांनी दारातून उचललं. त्यांना गप्प करण्याची बाकीच्या बौद्धांना एवढी घाई का होती, ते यावरून कळावं.

त्रिरश्मी

वा, धागा तापला. जमेल तसं एकेकाला.

वैदर्भी, बाबासाहेबांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले, त्याची धार मला मान्य आहे. पण खातेदाराचा आरोप फक्त पुद्गलवाद्यांवर का? खातं सगळ्यांनीच उघडलं होतं, नुसती वही वेगवेगळी. ते कसं, ते सांगतो. तर्कट यांच्या स्मृतीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

सर्वास्तिवाद्यांनी विचारलं, कर्म घडून गेलं, फळ नंतर येणार. मधल्या काळात ते कर्म कुठे असतं? नसेलच, तर नसलेल्यातून फळ कसं निघतं? शिवाय भूतकाळाचं ज्ञान होतं म्हणजे त्या ज्ञानाला विषय हवा. म्हणून त्यांनी ठरवलं की धर्म तिन्ही काळांत असतात. (इथे धर्म म्हणजे अनुभवाचे मूळ घटक, धर्मशाळेतला धर्म नव्हे.) मग भूत-भविष्य-वर्तमान हा फरक कशाने पडतो? चार आचार्यांची चार उत्तरं नोंदलेली आहेत. धर्मत्रात म्हणतो भाव बदलतो, घोषक म्हणतो लक्षण, बुद्धदेव म्हणतो अपेक्षा, म्हणजे एकच स्त्री कोणाची मुलगी आणि कोणाची आई असते तसं. वैभाषिकांनी, म्हणजे सर्वास्तिवादाच्या मुख्य प्रवाहाने, वसुमित्राचं उत्तर स्वीकारलं: अवस्था बदलते. गणिताची गोटी एकंच्या घरात ठेवली तर एक, शंभरच्या घरात ठेवली तर शंभर, हजारच्या घरात हजार. गोटी तीच. धर्म आपलं कार्य करत असताना वर्तमान, करून झालं की भूत. आत्मा वाचवायला गेलं नाही कोणी, पण कर्म वाचवण्यासाठी त्यांनी अख्खा काळच गोठवला. पुद्गलवाद्यांच्या अवक्तव्य पुद्गलापेक्षा हे कमी अवघड आहे का, तुम्हीच ठरवा.

सौत्रांतिकांना हे पटलं नाही. गेलेलं ते गेलं, आहे ते क्षणापुरतं. मग कर्मफळ? ते म्हणाले, चित्ताचा प्रवाह चालू असतो आणि कर्म त्या प्रवाहात बदल घडवतं, बीजासारखा. अभिधर्मकोशाच्या अगदी शेवटी वसुबंधूने दिलेला दाखला माझा आवडता आहे. महाळुंगाचं फूल लाखेच्या रसाने रंगवलं की त्याच्या फळातला केसर लाल निघतो. लाल रंग फुलातून उडी मारून फळात जात नाही. मधे एक परंपरा असते, ती बदललेली असते आणि योग्य वेळी फळते. स्मृतीचंही तसंच. पाहणाऱ्या चित्तातून क्रमाक्रमाने उपजलेलं एक चित्त आठवण काढतं. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला का आठवत नाही? दोघांच्या चित्तांमध्ये कार्यकारणाचा धागा नाही म्हणून.

आणि पुद्गलवाद्यांतल्या सम्मितीयांची वही सगळ्यांत रोखठोक. कर्म म्हणजे ऋण, आणि 'अविप्रणाश' नावाची एक गोष्ट म्हणजे त्याचं ऋणपत्र. पैसे खर्चून संपले तरी रोखा सावकाराकडे राहतो, देणं फिटलं की रद्द होतो. हे मत शून्यवादी नागार्जुनाने मध्यमककारिकेच्या सतराव्या प्रकरणात मांडलंय आणि टीका-परंपरेत ते सम्मितीयांचं म्हणून ओळखलं गेलं. नागार्जुन अर्थातच पुढे जाऊन रोखा, ऋणको आणि सावकार तिन्हींचा धुरळा करतो.

वसुबंधूच्या ग्रंथाचा नववा अध्याय सबंध पुद्गलाच्या खंडनाला दिलेला आहे. त्याचा पहिलाच प्रश्न असा: पुद्गल द्रव्य (खरी वस्तू) आहे की प्रज्ञप्ती (नुसतं नाव)? द्रव्य असेल तर रूपादींसारखा वेगळा दाखवा. प्रज्ञप्ती असेल, दूध म्हणजे रंग-रस वगैरेंच्या समुच्चयाला दिलेलं नाव असतं तशी, तर आमचं भांडणच नाही. भारहारसूत्राचंही तो उत्तर देतो. सूत्रात लगेच 'अमुक नावाचा, अमुक गोत्राचा, असं खाणारा' असं वर्णन येतं, म्हणजे बुद्ध व्यवहारातल्या माणसाबद्दल बोलतोय. आणि आधीचे स्कंध नंतरच्यांना पीडा देतात, म्हणून एकांना भार आणि दुसऱ्यांना वाहणारे म्हटलं. माझ्या मते हे उत्तर चतुर आहे, पण सूत्राचा सरळ अर्थ त्यात थोडा पिळला गेला आहे.

टिवल्याबावल्या

गोटी, महाळुंग, रोखा. हे आचार्य पूर्वाश्रमी वाण्याचं दुकान चालवत होते का?

घाटवाट

टिवल्याबावल्या, हसू नका. लेण्यांना पैसा कोणी दिला ते वाचा. व्यापारी, गंधिक, सुतार, लोहार, श्रेणी. ऋणपत्राची उपमा त्या श्रोत्यांना लगेच कळली असणार.

पण त्रिरश्मी, तुमच्या नाशिकच्या मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. कोरीव लेखात भद्रायणीय लिहिलंय म्हणून लेण्यातले भिक्खू संध्याकाळी बसून पुद्गलाची बाजू लढवत होते असं कसं म्हणता? निकाय (इथे संघातला पंथ) म्हणजे मुळात उपसंपदेची (भिक्खू-दीक्षेची) आणि विनयाची (संघाच्या नियमांची) परंपरा. कोणत्या पातिमोक्खाने (नियमांच्या यादीने) उपोसथ (पाक्षिक सभा) करता, कोणाच्या हातून दीक्षा घेतलीत, यावर निकाय ठरतो. मत हा नंतरचा भाग. एका निकायाचे भिक्खू वेगवेगळ्या मतांचे असू शकत. महायानी तर स्वतंत्र निकाय न काढता जुन्याच निकायांत राहिले. दुसऱ्या संगीतीतलं वैशालीचं भांडण आठवा: मीठ शिंगात साठवायचं का, दुपार टळल्यावर जेवायचं का, सोनंनाणं घ्यायचं का. त्या दहा मुद्द्यांत आत्मा-अनात्मा कुठेही नाही.

कार्ल्यालाही तेच. पुळुमावीच्या २४व्या वर्षाचा लेख महासांघिकांना मंडप दिल्याचा, आणि तिथल्याच चैत्यात धम्मोत्तरीय भाणकाचा खांब. मतांची दरी एवढी मोठी असती तर एकाच डोंगरात हे कसं जमलं?

आणि दानं देणाऱ्यांचं काय? कान्हेरीत दान देणारा आईबापांच्या नावाने आणि सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी देतो. पुण्य कोणाला पोचतं, वाहणारा कोण, हे त्याला कोणी विचारलं नसावं. बलश्रीलाही नाही. त्या लेखाचा मोठा भाग तर मुलाच्या पराक्रमाच्या वर्णनाने भरला आहे.

त्रिरश्मी

घाटवाट, विनयाचा मुद्दा रास्त आहे आणि बलश्री पुद्गलवादी होती असं मी म्हणतही नाही. पण तेवढ्याने निकाय आणि मत यांचा संबंध तुटत नाही. निकायाला स्वतःचं त्रिपिटक होतं, अभिधर्म होता, तो पाठ करणारे भाणक होते. सोपाऱ्याचा सातिमित स्वतःला धम्मोत्तरीय भाणक म्हणवतो. तो काय पाठ करत असेल? वात्सीपुत्रीयांच्या या शाखा एकमेकींपासून ज्या कारणाने फुटल्या, तेही जुन्या नोंदींप्रमाणे एका गाथेच्या अर्थावरून. म्हणजे मतावरून फूट पडतच नव्हती असं नाही.

आणि सारनाथ पाहा. जिथे अनत्तलक्खण सुत्त सांगितलं गेलं, त्याच जागी अशोकस्तंभावर नंतरच्या काळात कोरलेली एक ओळ आहे: सम्मितीय आचार्यांचा, वात्सीपुत्रिकांचा परिग्रह (ताबा). ह्युएनत्संग सातव्या शतकात आला तेव्हा माळवा, वलभी, सिंध या पट्ट्यात सम्मितीयच जोरात होते. हर्षाची बहीण राज्यश्री त्यांच्या मताची जाणकार होती असं त्याच्या चरित्रात आहे. हजारो भिक्खू शतकानुशतकं ज्या मताच्या आचार्यांकडे शिकले, त्याला 'बुद्धाला न समजलेले चार लोक' म्हणून झटकता येत नाही.

अडचण एवढीच की त्यांचे बहुतेक ग्रंथ गेले. चिनी भाषांतरात थोडेसे उरलेत. बाकी सगळं विरोधकांच्या तोंडून.

भाणक

विरोधकांच्या तोंडून म्हणजे किती उणं होतं, याचं उदाहरण नागार्जुनाकडेच आहे. दहावं प्रकरण अग्नी आणि इंधन यांची परीक्षा करतं. अग्नीच इंधन असेल तर कर्ता आणि कर्म एक होतील. वेगळा असेल तर इंधनाशिवायही जळत राहील आणि पेटवायची खटपट व्यर्थ. परस्परांवर अवलंबून म्हणाल, तर आधी सिद्ध कोण? शेवटी म्हणतो, याच रीतीने आत्मा आणि उपादान (तो ज्याच्या आधाराने असतो म्हणतात ते) यांचा सगळा क्रम समजून घ्यावा, घट-पटासकट. पण पुद्गलवादीही एक आणि वेगळा दोन्ही नाकारतच होते की! फरक उरतो तो असा: त्यांनी दोन्ही नाकारून 'तरीही आहे' म्हटलं, नागार्जुनाने दोन्ही नाकारून तिथेच थांबायला सांगितलं. आणि आधार कुठला घेतला? कात्यायनाला केलेला उपदेश, 'अस्ति' आणि 'नास्ति' ही दोन टोकं टाळणारा. तो आपल्या संयुत्तनिकायात कच्चानगोत्त सुत्त म्हणून आहे. म्हणजे फिरून वच्छगोत्तासमोरच्या मौनाच्या आसपासच आलो.

थेरवादानेही आपली सोय केलीच. दोन विचारांच्या मधे, गाढ झोपेत, प्रवाह तुटू नये म्हणून पुढच्या अभिधम्मात भवंगचित्त आलं. तेही क्षणोक्षणी उपजतं आणि विझतं, पण जन्मापासून मरणापर्यंत त्याचा विषय एकच. अनुरुद्धाच्या अभिधम्मत्थसंगहात याची सगळी मांडणी आहे. आपल्या धर्मानंद कोसंबींनी त्याच्यावर पालीत नवनीतटीका लिहिली. गोव्यातल्या साखवाळच्या माणसाने विसाव्या शतकात पालीत टीका लिहावी, हेच मुळात अचाट आहे.

वैदर्भी, तुमचा खातेदाराचा मुद्दा मला अजून सुटलेला वाटत नाही. भवंग असो, बीज असो की ऋणपत्र, प्रत्येकात मागच्या जन्माची बाकी पुढे ओढलेली आहे.

वैदर्भी

तेच म्हणत होते. वही बदलली, बाकी तीच.

पण पुद्गलवाद्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलते, कारण ती इथे कोणी काढली नाही. अंगुत्तरनिकायात वचन आहे: एक पुद्गल जगात उत्पन्न होतो तो बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी. तो पुद्गल म्हणजे तथागत. हे वचन पुद्गलवाद्यांनी आपल्या बाजूने वापरलं आणि त्यात तथ्य आहे. हित करायचं ते कोणाचं? स्कंधांच्या ढिगाचं? करुणेला समोर माणूस लागतो. शोषण होतं ते माणसाचं होतं, चित्तप्रवाहाचं होत नाही. तेवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूने. पूर्वकर्माचा रोखा मात्र त्यांनी नाशिकच्या डोंगरावरच ठेवावा.

तर्कट

मी वसुबंधूवर परत येतो, कारण माझं समाधान झालेलं नाही. 'यज्ञदत्ताला आठवत नाही कारण त्याच्याशी कार्यकारणाचा धागा नाही.' बरं. पण गुरूच्या चित्तातून शिष्याच्या चित्तात ज्ञान उपजतं तिथे कार्यकारण आहेच. मग गुरूचं बालपण शिष्याला का आठवू नये? 'त्याच प्रवाहातलं' कार्यकारण हवं म्हणाल, तर 'तोच प्रवाह' कशाने ठरला? जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलंत.

त्रिरश्मी

तर्कट, वसुबंधू यावर चैत्राच्या गायीचा दाखला देतो. स्मृती कोणाची, असं विचारणारा मालक शोधत असतो. चैत्र गायीचा मालक म्हणजे काय? गायीला हाकणं, दोहणं, कामाला लावणं ज्याच्यामुळे घडतं तो. आणि 'चैत्र' व 'गाय' हीसुद्धा संस्कारांच्या समूहांना दिलेली नावं. मालकी म्हणजे कारण असणं, त्यापलीकडे काही नाही.

गुरु-शिष्याचा तुमचा काटा मात्र यानेही निघत नाही, कारण शिष्याचं ज्ञान गुरूमुळेच घडतं आणि तरी ते गुरूच्या मालकीचं होत नाही. प्रवाह ठरवायला देह, इंद्रियं, सलग उपजणं असं काहीतरी जोडावं लागतं, आणि तसं जोडलं की पुद्गलवादी हसून म्हणणार, 'स्कंधांच्या आधाराने' असं आम्ही दुसरं काय म्हणत होतो?

तर्कट

म्हणजे शेवटी नैयायिक उदयनाकडेच यावं लागणार. आत्मतत्त्वविवेकात क्षणभंगापासून (सगळं क्षणिक आहे या बौद्ध मतापासून) सुरुवात करून त्याने एकेक दार बंद केलंय. वेगळा धागा काढतो. पण तिथे वसुबंधूची वकिली तुम्ही करायची, पुद्गलवाद्यांच्या आड लपायचं नाही.

कुंपणावरचा

माझा लाडू अजून कुठल्याच डब्यात सापडला नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढच्या धाग्याची लिंक इथे द्या.